रॉड तुटायला चोवीस तास

खापा, तालुका सावनेर. मे महिन्याचा तिसरा आठवडा, उन्हाळवाहीचे दिवस. पुढचा घटनाक्रम एका ठरावीक ट्रॅक्टरचा नाही. जुन्या डिझेल इंजिनाचं हेड गॅस्केट जळलं की गोष्टी साधारण याच क्रमानं घडतात. कुठं चार महिने लागतात, कुठं एक दिवस. मी तो एका दिवसात बसवला आहे, कारण या चोवीस तासांत इंजिन वाचवण्याची संधी किती वेळा येते आणि किती वेळा हुकते, ते दिसायला हवं.

पहाटे 5.45. चोवीस तास उरले.

ड्रायव्हर रेडिएटरचं झाकण काढून बोअरचं दीडेक लिटर पाणी ओततो. कालही तेवढंच ओतलं होतं. "जुनी गाडी हाय जी, पाणी पेतेच."

गाडीखाली ओल नाही. होजपाईप कोरडे, वॉटर पंपाखाली थेंब नाही. काल गाडी उकळलीही नव्हती. मग पाणी आतच जातंय: सिलिंडरमध्ये, नाहीतर चेंबरच्या ऑइलमध्ये.

इंजिन थंड आहे, आणि तपासायची वेळ हीच. फॅनचा पट्टा काढायचा, म्हणजे वॉटर पंप फिरून पाणी घुसळत नाही. रेडिएटर काठोकाठ भरायचा, झाकण उघडंच ठेवून गाडी सुरू करायची आणि पाण्याकडे बघायचं. पाणी तापायच्या आधीच बुडबुडे एकसारखे येऊ लागले तर ती सिलिंडरमधली हवा आहे. मग एकेका नोझलच्या डिलिव्हरी पाईपचा नट सैल करून तो सिलिंडर बंद पाडायचा, हात मात्र त्या डिझेलच्या धारेपुढे येऊ द्यायचा नाही. ज्या सिलिंडरला बुडबुडे कमी होतात, दोष तिथं. पट्टा नसताना गाडी दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त चालवायची नाही. चेंबरचा ड्रेन नटही रात्रभर उभ्या गाडीचाच सैल करून बघावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यानं तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं.

एवढ्याला अर्धा तास लागतो. वावर वाट बघतंय, म्हणून कोणी करत नाही.

सकाळी 6.30.

इंजिन तापलं, तरी धूर पांढराच. थंड इंजिनाचा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो. तो डोळ्यांना झोंबतो आणि गाडी तापली की जातो. निळसर धूर ऑइल जळल्याचा. काळा धूर हवा कमी पडल्याचा किंवा डिझेल जास्त झाल्याचा. तापल्यावरही टिकणारा, न झोंबणारा पांढरा धूर म्हणजे वाफ. रेडिएटरात कूलंट असतं तर गोडसर वासही आला असता. इथं साधं पाणी आहे, त्यामुळे तो इशाराही मिळत नाही.

साध्या पाण्यानं आणखीही काही केलेलं असतं. बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं त्याचे क्षार जॅकेटमध्ये थरानं बसतात आणि लोखंडाची उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाहीत. हेड त्यामुळे ठिकठिकाणी जास्त तापतं, थोडं वाकतं, आणि गॅस्केटवरची पकड तिथंच सुटते.

सकाळी 9.30.

पल्टी नांगर खोल लागलाय. काळी माती सुकून दगड झालेली, इंजिनावर पूर्ण लोड. डिझेल पेटतं तेव्हा सिलिंडरमधला दाब साठ बारच्या वर जातो. रेडिएटरचं झाकण अर्ध्या बारच्या आसपास उघडतं. म्हणून गाडी चालू असताना गॅस्केटच्या फटीतून पाणी फारसं आत येत नाही, उलट जळका वायू पाण्यात घुसतो आणि पाण्याला ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर ढकलतो. नांगराच्या धुळीत ते पाणी कुणाला दिसत नाही.

सकाळी 11.20.

हवा 45 अंशांवर. नागपूरनं मे 2013 मध्ये 47.9 पाहिलेलं आहे, तेव्हा या आकड्याचं इथं कुणाला नवल नाही. रेडिएटरला मात्र फरक पडतो. हिवाळ्यात 20 अंशांची हवा 90 अंशांच्या पाण्याला थंड करते, तेव्हा अंतर 70 चं असतं. आज ते 45 वर आलंय. म्हणजे थंड करण्याची ताकद तिसऱ्या हिश्शानं गेली. वर जाळीत भुसा अडकलेला.

काटा लाल पट्ट्याजवळ पोचतो.

दुपारी 12.05.

काटा खाली येतो.

या साऱ्या दिवसातली सगळ्यात फसवी घटना हीच. ड्रायव्हरला हायसं वाटतं आणि तो आणखी दोन तास ओढतो. पण तापमान मोजणारा बल्ब पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली उतरलं की तो वाफेत लटकतो, आणि हेड भाजत असताना काटा उतरू शकतो. पूर्ण लोडवर, अशा उन्हात, कारण नसताना उतरलेला काटा दिसला की गाडी तिथंच उभी करावी.

दुपारी 2.10.

ओढ कमी झाली, तापल्या लोखंडाचा वास आला, तेव्हा कुठं गाडी थांबते. झाकण लगेच उघडलं नाही, हे बरं झालं. त्या वाफेनं चेहरे भाजलेले आहेत. पण अर्ध्या तासात बादलीभर गार पाणी आत जातं. भाजलेल्या ओतीव लोखंडाला हा तडाखा सोसत नाही. जळलेल्या गॅस्केटशेजारी हेडलाही आता बारीक तडा गेला.

रात्री 8.30.

संध्याकाळचा उरलेला तुकडा नांगरून गाडी अंगणात लागते. इंजिन बंद. सिलिंडरमधला दाब शून्यावर आला, जॅकेटमधल्या गरम पाण्याचा दाब मात्र अजून आहे. आता प्रवाह उलटतो. तिसऱ्या सिलिंडरचे दोन्ही वाल्व बंद आहेत. पिस्टनवर थेंब थेंब पाणी साचतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे 5.30. पंधरा मिनिटं उरली.

सिलिंडर सहाशे घन सेंटिमीटरचा आणि कॉम्प्रेशन सतराला एक असेल, तर पिस्टन वर आल्यावर जागा उरते जेमतेम 38 घन सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या कप चहाहूनही कमी. तिथं आता त्याहून जास्त पाणी आहे, आणि पाणी दबत नाही.

सेल्फ मारला. टक्. पुन्हा टक्. "बॅटरी बसली."

शेवटची संधी. आता नोझल काढून इंजिन फिरवलं असतं तर पाण्याची पिचकारी उडाली असती, दोष डोळ्यांनी दिसला असता आणि खर्च हेड, गॅस्केट, ऑइल एवढ्यावर निभावला असता. सेल्फच्या ताकदीनं रॉड बहुधा वाचतो.

पहाटे 5.45.

शेजारचा ट्रॅक्टर साखळीनं ओढतो. तिसरा गिअर, क्लच सुटतो. दोन गाड्यांचं वजन आणि वेग चाकांतून थेट क्रँकवर येतो. तिसरा पिस्टन वर जाऊन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाकीचे सिलिंडर पेट घेऊन त्याला आणखी दोन-चार फेरे फिरवतात. मग रॉड तुटून ब्लॉकची भिंत फोडतो. दुधाळ ऑइल मातीत सांडतं.

मिस्त्री हेड उतरवतो. बाकीच्या पिस्टनांच्या माथ्यावर काजळी. तिसऱ्याचा माथा वाफेनं धुऊन स्वच्छ. रोजच्या त्या दीड लिटर पाण्याचा हिशेब तिथं लागतो. ब्लॉक शिवण्याजोगा उरलेला नाही. जुनं इंजिन शोधायला नागपूरला जावं लागेल, आणि पाऊस वेळेवर आला तर कपाशीची पेरणी महिन्याभरावर आहे. तेव्हा उरलेलं वावर भाड्याच्या ट्रॅक्टरनं करायचं ठरतं.