मधाचे पृथक्करण व पुष्पमूळ

मधाचे पृथक्करण व पुष्पमूळ : मधात कोणते रासायनिक घटक किती आहेत आणि तो मुख्यतः कोणत्या वनस्पतींच्या मकरंदापासून बनला, हे ठरवण्याच्या पद्धती. मध खरा आहे की नाही, हे रासायनिक पृथक्करणाने बऱ्याच अंशी कळते. तो कोणत्या फुलांचा, हे सांगायला मात्र अजूनही मुख्यतः परागकणांचा आधार घ्यावा लागतो. परागविज्ञानाच्या या शाखेस मधुपरागविज्ञान (मेलिसोपॅलिनॉलॉजी) म्हणतात.

रासायनिक घटक : मध हा साखरांचा अतिसंपृक्त विद्राव होय. जे. डब्ल्यू. व्हाइट व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी मधांच्या पृथक्करणात पाणी १७.२, फ्रुक्टोज ३८.२, ग्लुकोज ३१.३, माल्टोज ७.३ आणि सुक्रोज १.३ टक्के अशी सरासरी आली. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. पण ते मेलिफेरा (युरोपीय) माशीच्या मधाचे आहेत. आपल्याकडील सातेरी आणि आग्या माश्यांच्या मधात पाणी बहुधा जास्त असते, पुष्कळदा २० टक्क्यांच्याही वर. असा मध लवकर आंबतो. ग्लुकोजचे प्रमाण अधिक असले की मध लवकर थिजतो. मोहरीचा मध याचे नेहमीचे उदाहरण असून, थिजणे ही भेसळीची खूण नव्हे.

मधातील मुख्य अम्ल ग्लुकॉनिक. ते ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमाच्या क्रियेने बनते आणि त्याच क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. अमिनो अम्लांत प्रोलीन प्रमुख आहे. मध तापवल्यास किंवा फार दिवस साठवल्यास डायास्टेज हे एंझाइम घटते आणि हायड्रॉक्सीमिथिल फुरफुराल वाढते. या संयुगाची आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा किलोस ४० मिग्रॅ., उष्ण प्रदेशांतील मधासाठी ८० मिग्रॅ. आहे.

मावा, खवले किडे इत्यादींच्या शरीरातून पाझरणाऱ्या चिकट्यापासूनही माश्या मध करतात. अशा मधाची विद्युत संवाहकता बहुधा सेंमी.ला ०.८ मिलिसीमेन्सपेक्षा अधिक असते आणि तो दक्षिणवलनी असतो. फुलांचा मध वामवलनी असतो.

परागविश्लेषण : आर. फिस्टर यांनी १८९५ मध्ये मधातील परागांवरून त्याचे मूळ शोधता येते, हे दाखवले. जर्मनीत एनोक झांडर यांनी पुढे या विषयावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. सध्याची कार्यपद्धती लूव्हो, मॉरिझिओ व फोरव्होल यांनी १९७० मध्ये मांडली आणि १९७८ मध्ये सुधारली. १० ग्रॅ. मध २० मिलि. कोमट पाण्यात विरघळवून केंद्रोत्सारकात फिरवतात. नळीच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढा साका बसतो, तो काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. कणांचे बाह्यकवच स्वच्छ दिसावे म्हणून अनेक प्रयोगशाळा एर्टमन यांची ॲसिटोलिसिस पद्धत (ॲसिटिक ॲनहायड्राइड ९ भाग, तीव्र सल्फ्यूरिक अम्ल १ भाग) वापरतात. तीत कणातील जीवद्रव्य जळून जाते आणि भिंतीवरील छिद्रे, खाचा, जाळी, काटे उठून दिसतात. सूर्यफूल आणि कारळे यांचे कण काटेरी, मोहरीचे जाळीदार, तर बाभळीचे सामान्यतः सोळा-सोळा कणांच्या गुच्छांत.

एकूण परागांत एखाद्या वनस्पतीचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक असेल तर तो प्रधान, १६ ते ४५ दुय्यम, ३ ते १५ महत्त्वाचा गौण, ३ पेक्षा कमी असल्यास गौण. प्रधान पराग असलेला मध एकपुष्पी मानण्याचा प्रघात आहे. व्यापारात हा नियम डोळे झाकून लावला जातो, ते बरोबर नाही. परागाचा वाटा म्हणजे मकरंदाचा वाटा नव्हे. संत्र्यामोसंबीच्या मधात त्यांचे पराग १०-२० टक्केच भरतात, तरी तो मध त्यांचाच. उलट युरोपीय चेस्टनटचे पराग ९० टक्क्यांच्या आसपास असावे लागतात. याचे एक कारण असे की, माशीच्या मधकोठीच्या तोंडाशी असलेली झडप पोळ्याकडे परतताना परागकण गाळत जाते, त्यात मोठे कण आधी निघून जातात.

मध कसा काढला, यावरही आकडे बदलतात. पेटीतील पोळे यंत्रात फिरवून काढलेल्या मधात पराग बेताचे असतात. आग्या मोहोळ पिळून काढले की माश्यांनी साठवलेला परागही मधात उतरतो आणि गणती कित्येक पटींनी फुगते. अशा नमुन्यातून फुलोरा कळतो, पण मध कोणत्या फुलाचा हे खात्रीने सांगता येत नाही. अतिसूक्ष्म गाळणीतून काढलेल्या मधात पराग उरतच नाहीत.

महाबळेश्वरचे मध : भारतातील आरंभीचे पद्धतशीर काम याच डोंगरावर झाले. देवडीकर व ठकार यांनी १९५३ मध्ये तेथील प्रमुख मधुवनस्पतींच्या परागांचे वर्णन केले. आर. पी. फडके यांनी १९६० च्या दशकात सातेरीच्या एकपुष्पी मधांचे रासायनिक पृथक्करण केले. पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा, व्हायटी आणि कारवी ही महाबळेश्वरच्या मधाची नावाजलेली झाडे-झुडपे. जांभूळ व हिरडा पावसाआधी फुलतात. कारवीला साधारण सात-आठ वर्षांनी एकदा, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलोरा येतो, त्यामुळे तिच्या मधाचे नमुने सलग वर्षांत मिळत नाहीत.

जांभळाचा कण लहान, वरून पाहता त्रिकोणी. निलगिरी त्याच कुलातली आणि तिचा कणही बराचसा तसाच. हिरड्याच्या बाबतीत अडचण अधिक आहे. त्याच्या कणावर तीन सच्छिद्र खाचा आणि त्यांच्या मध्ये तीन छिद्रहीन खाचा असतात; पठारावर मुबलक असलेल्या अंजनीचा कणही याच घडणीचा. दोन्ही झाडांच्या फुलांवरून थेट घेतलेल्या परागांच्या संदर्भपट्ट्या शेजारी ठेवल्याशिवाय ‘हिरड्याचा मध’ असा निर्वाळा देऊ नये. कारवीच्या प्रजातीत तर परागांच्या घडणीतच मोठे वैविध्य आहे, काही जातींत काटेरी गोल, काहींत पट्टेदार लंबगोल. प्रजातीच्या नावावर थांबून येथे भागत नाही.

दर्शक द्रव्ये : काही मधांचे पुष्पमूळ त्यांतील विशिष्ट रसायनांवरूनही सुचते; लिंबूवर्गीय मधात मिथिल अँथ्रॅनिलेट, चेस्टनटच्या मधात कायनुरेनिक अम्ल, न्यूझीलंडच्या मानुका मधात मिथिलग्लायऑक्साल. मानुकाच्या मकरंदातील डायहायड्रॉक्सीॲसिटोनपासून ते मधात हळूहळू बनत जाते.

भेसळ : ऊस व मका यांच्या प्रकाशसंश्लेषणाचा मार्ग बहुतेक मधुवनस्पतींहून वेगळा असल्याने त्यांच्या साखरेत कार्बन-१३ हे समस्थानिक तुलनेने जास्त असते. मध आणि त्यातीलच प्रथिन यांच्या समस्थानिक मूल्यांतील फरकावरून अशी साखर किती मिसळली, ते काढतात. ७ टक्क्यांपर्यंतचा निष्कर्ष ग्राह्य धरला जातो. तांदूळ आणि बीट यांच्या पाकाला ही कसोटी लागू पडत नाही, कारण या वनस्पतींचा मार्ग मधुवनस्पतींचाच. त्यासाठी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने नमुन्याचा समग्र आलेख घेऊन तो अस्सल मधांच्या संग्रहाशी ताडतात. त्या संग्रहात भारतीय माश्यांच्या मधांचे नमुने पुरेसे आहेत का, यावर मतभेद आहेत. भारतीय मानकातील परागांची किमान संख्या पूर्वी अधिक होती. ती पुढे ग्रॅमला ५,००० वर आणली गेली, यावरही मते भिन्न आहेत.

विषारी मध : ऱ्होडोडेंड्रॉनच्या काही जातींच्या मधात ग्रेयानोटॉक्सिन आढळते.

डीएनए पद्धती : साक्यातील परागांचा डीएनए वाचून वनस्पतींची यादी मिळते, प्रमाण मात्र भरवशाने कळत नाही.