किती पट मोठे दिसते?

दुर्बीण दृष्टीस पडली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती पट मोठं दिसतं हो?" पुण्यात विचारतात, मुंबईत विचारतात आणि जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावा या माझ्या आजोळीही विचारतात. प्रश्नात वावगे काही नाही. पण त्याच्या उत्तराने माझ्या मामेभावाचे पैसे बुडाले, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या आठवीतल्या पोराचा आकाशावरचा विश्वास उडाला. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

झाले ते असे. दिवाळीच्या सुमारास कांद्याचे पैसे हाती आले, तेव्हा मामेभावाने पोरासाठी एक दुर्बीण मागवली. कंपनीचे नाव सांगत नाही. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते, '६७५ पट'. पहिल्या रात्री चंद्राची कोर पाहिली, घर खूश झाले. दुसऱ्या रात्री पोराने देवयानीतली दीर्घिका शोधायचे ठरवले. खोक्यातली सर्वांत लहान नेत्रिका लावली, तिच्यामागे तिपटीचे भिंगही लावले आणि डोळा लावला. काळोख! नळी हलवली तरी काळोखच. तिसऱ्या रात्री दुर्बीण माळ्यावर गेली. मी गेलो तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "दादा, तू कॉलेजात शिकवतोस, तूच सांग. आपल्याला फसवलं का रं?"

मी इतिहासाचा माणूस, भौतिकशास्त्राचा नव्हे. पण या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे. ते सुमारे अडीचशे वर्षांचे आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्यातून गेलेला आहे.

आधी थोडा हिशेब, तो सोपा आहे. दुर्बिणीच्या मोठ्या भिंगाचे किंवा आरशाचे काम प्रकाश गोळा करण्याचे. डोळ्याजवळची नेत्रिका, जिला दुकानात आयपीस म्हणतात, ती त्या प्रतिमेला मोठी करून दाखवते. दुर्बिणीच्या नाभ्यंतराला नेत्रिकेच्या नाभ्यंतराने भागले की किती पट ते निघते. मामेभावाच्या दुर्बिणीचे नाभ्यंतर ९०० मिलिमीटर, नेत्रिका ४ ची. म्हणजे २२५ पट, आणि तिपटीच्या भिंगाने ६७५. खोक्यावर खोटे काहीच छापलेले नव्हते, खोच आहे ती इथेच. त्या दुर्बिणीचे तोंड अवघे ६० मिलिमीटरचे. तेवढ्या तोंडातून आलेला प्रकाश ६७५ पट पसरला की डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका एक दशांश मिलिमीटरहूनही बारीक होते. वाटीभर तूप एका भाकरीला लावले तर भाकरी चमकते. तेच चार भाकऱ्यांना पुरवायचे म्हटले तर हाताला कोरडेच लागते. पट दुप्पट केली की प्रकाश चौपट जागेवर पसरतो. त्यात देवयानीची दीर्घिका लांबीला आकाशात सहा चंद्र ओळीने मांडावेत एवढी, आणि ६७५ पटीत एका वेळी दिसणारा तुकडा चंद्राच्या व्यासाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. पोराला काळोख दिसला यात नवल नाही. कदाचित तो दीर्घिकेच्या आतच पाहत असेल!

आता इतिहासाकडे वळू. विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार. स्वतःच्या हाताने आरसे घासून त्याने दुर्बिणी केल्या. १३ मार्च १७८१ च्या रात्री युरेनस त्याला दिसला तेव्हा दुर्बिणीवर २२७ पटीची नेत्रिका होती. संशय आल्यावर त्याने ४६० आणि ९३२ च्या नेत्रिका लावून पाहिल्या. तारा कितीही पट केला तरी बिंदूच राहतो. हा ठिपका मात्र वाढत गेला. इथे जास्त पटीने काम केले. हर्शेलने तर सहा हजारांवर पट वापरल्याचे लिहिले, आणि लंडनच्या विद्वानांना ते खरे वाटेना. पण हाच हर्शेल तेजोमेघ शोधायला बसला तेव्हा त्याने काय केले? १७८३ पासून जवळजवळ वीस वर्षे तो १८·७ इंची आरशाच्या दुर्बिणीने आकाश झाडत होता, आणि बहीण कॅरोलिन नोंदी लिहीत होती. त्या साऱ्या कामात त्याची नेहमीची पट होती १५७! सहा हजारांची नेत्रिका बाळगणारा माणूस १५७ वर थांबला आणि अडीच हजार तेजोमेघ व तारकागुच्छ नोंदवून गेला. भागाकार करून पाहा : त्याच्या नेत्रिकेतून बाहेर पडणारी शलाका बरोबर ३ मिलिमीटरची भरते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्याची पाच-साडेपाच. म्हणजे हर्शेलने डोळ्याला सोसेल इतकी पट घेतली आणि प्रकाशही पुष्कळसा राखला.

तरीही पटीचा आणि आकाराचा मोह सुटला नाही. त्याला कारणही होते. शार्ल मेसिए याने १७६४ मध्ये शौरी तारकासमूहातला एक धुरकट गोळा पाहून यात एकही तारा नाही अशी खात्री दिली होती. त्याच्या यादीतला तो तेरावा. हर्शेलच्या दुर्बिणीत त्याच गोळ्याचे हजारो तारे झाले. मग लोकांना वाटू लागले की आणखी मोठा आरसा आणि आणखी पट मिळाली की आकाशातला प्रत्येक धुरकट ठिपका ताऱ्यांत फुटेल. आयर्लंडात लॉर्ड रॉस याने ७२ इंची आरसा उभारला. १८४५ मध्ये त्याला श्यामशबलातल्या ५१ व्या मेसिए-क्रमांकाच्या तेजोमेघाची भोवऱ्यासारखी रचना दिसली. हे यश खरे होते. पण त्याच दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघही ताऱ्यांत फुटला असे जाहीर झाले, आणि ते चूक होते. तो वायूचा मेघ आहे. त्यात तारे आहेत, पण मेघ ताऱ्यांचा नाही.

हा वाद मिटवला तो नेत्रिका काढून ठेवणाऱ्याने. १८६४ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हगिन्स याने अवघ्या आठ इंची दुर्बिणीच्या टोकाशी नेत्रिकेच्या जागी वर्णपटदर्शक बसवला आणि कालेय समूहातला एक लहानसा तेजोमेघ पाहिला. ताऱ्याचा सलग रंगपट्टा दिसण्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे हा वायू. जे ७२ इंचांना जमले नाही ते आठ इंचांना जमले.

पुण्याचा संबंध येतो तो इथे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांना १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, आणि तेवढेच सरकारने घातले. त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली तिची परावर्ती दुर्बीण पुढे २० इंची म्हणून ओळखली गेली. त्या काळी देशात तिच्याहून मोठी दुसरी नव्हती. मृगाच्या तेजोमेघातली मुख्य हिरवी रेषा कशाची, हा तेव्हा जोराचा वाद होता. नॉर्मन लॉकियर म्हणत होते, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश आहे. तसे असते तर ती एका बाजूने रेखीव आणि दुसऱ्या बाजूने पुसट दिसायला हवी. नायगमवालांनी १८९१ मध्ये पुण्याहून कळवले की रेषा सर्व परिस्थितीत दोन्ही बाजूंनी रेखीव आहे. गंमत अशी की वेधशाळेची साधने घेण्यासाठी इंग्लंडात गेले असताना नायगमवालांनी सल्ला घेतला होता तो लॉकियर यांचाच. सल्लागाराच्या मताविरुद्ध जाणारी नोंद त्यांनी सरळ छापायला दिली. मला या माणसाचे मोल वाटते ते यासाठी. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे १९२७ मध्ये बोवेन यांनी उलगडले. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे, हे विचारण्यात अर्थ नाही.

तर मग मोठी पट निरुपयोगीच का? मुळीच नाही, आणि इथे पुष्कळ हौशी मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. तेजोमेघांसाठी नेहमी कमीत कमी पट, असे सांगणारे मला भेटतात. तेही अर्धेच खरे आहे. पट वाढवली की तेजोमेघ फिका होतो, पण त्याच्या मागचे आकाशही त्याच प्रमाणात फिके होते; दोघांतला फरक तोच राहतो. आणि डोळ्याचा स्वभाव असा की फिकी वस्तू जरा मोठी झाली तर ती त्याला जास्त सहज ओळखू येते. ब्लॅकवेल याने युद्धकाळात माणसांच्या डोळ्यांवर हजारो प्रयोग करून हे मोजले आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. अर्थात याला मर्यादा आहे. मोठे करत गेले की एका टप्प्यापुढे फिकेपणा वरचढ होतो. ताऱ्यांचे तर आणखी वेगळे : तारा बिंदूच राहतो आणि पार्श्वभूमी काळी होते, म्हणून पट वाढवताच बारीक तारे उमटतात.

हे मी मे महिन्यात निमगावला पोराला दाखवले. मित्राची सहा इंची, १२०० मिलिमीटर नाभ्यंतराची दुर्बीण नेली होती. चंद्र नव्हता. रात्रीची लाईट यायची म्हणून मामेभाऊ मोटरीसाठी जागाच होता. आकाश मात्र माझ्या लहानपणीचे राहिलेले नाही. बिबट्याच्या भीतीने आता वस्तीवस्तीवर दिवे जळतात, आणि त्यांना दिवे मालवा असे कोणत्या तोंडाने सांगणार? उसाच्या कडेला अंधारात उभे राहायला मलाही धीर झाला नाही. आम्ही घराच्या गच्चीवरच थांबलो.

शौरीतला तो मेसिएचा तेरावा प्रथम २५ च्या नेत्रिकेने, म्हणजे ४८ पटीने, पाहिला. धुरकट गोळा, मेसिएला दिसला तसा. १० ची लावली, १२० पट. पोरगं म्हणालं, "काका, हे साखर सांडल्यावानी झालं!" कडेचे तारे सुटे झाले होते, आणि दिव्यांनी राखाडी झालेले आकाशही बऱ्यापैकी काळवंडले होते. मध्यरात्रीनंतर स्वरमंडलातला कंकणाकृती तेजोमेघ वर आला. तो आकाराने गुरूच्या बिंबाच्या दीड-दुपटीएवढाच. ४८ पटीत जरा विस्कटलेला तारा, १२० ला मधली पोकळी, आणि ६ च्या नेत्रिकेने, २०० पटीत, स्पष्ट कडे. मग हव्यासाने १० च्या मागे दुपटीचे बार्लो भिंग लावून २४० केले. उन्हाने तापलेल्या जमिनीवरची हवा उकळत होती. कडे थरथरू लागले आणि फायदा काही झाला नाही. पुन्हा २०० वर आलो.

ज्यांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी सांगतो. बारीक आणि उजळ वस्तूंना, म्हणजे ग्रहसदृश तेजोमेघ, गोलाकार तारकागुच्छ, लहान दीर्घिकांचे गाभे यांना, शलाका एक मिलिमीटरच्या आसपास येईल अशी पट घ्यावी; सहा इंचीला ती दीडशेच्या घरात येते. पसरट वस्तूंना तीन-चार मिलिमीटर. दुर्बिणीच्या तोंडाच्या मिलिमीटरांच्या दुपटीपलीकडे पट नेऊ नये, आणि तिथपर्यंतही हवा क्वचितच जाऊ देते. ६० मिलिमीटरला ही हद्द १२० ची. अगदी लहान नाभ्यंतराच्या साध्या नेत्रिकेत डोळा भिंगाला जवळजवळ टेकवावा लागतो, चष्मेवाल्यांना ते जमत नाही. त्यापेक्षा चांगली १० ची आणि एक बार्लो बरी. हॉयगेन्सपासून प्लोसल, आबे, नॅगलरपर्यंत नेत्रिकांची घराणी पुष्कळ आहेत. ती दिसणाऱ्या तुकड्याची रुंदी आणि रेखीवपणा सुधारतात, प्रकाश वाढवत नाहीत.

पहाटे सामान आवरताना पोराने विचारले की खोडदच्या थाळ्यांना कितीची नेत्रिका असते. निमगावाहून खोडद दूर नाही. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस थाळ्या, प्रत्येकी ४५ मीटरच्या, त्याने २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पाहिल्या होत्या. मी सांगितले, तिथे डोळा लावायची सोयच नाही, त्या रेडिओ लहरी टिपतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवलीला २००६ पासून दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे, तिथेही काम कॅमेरा आणि वर्णपटदर्शक यांचे. त्याचा चेहरा जरा पडला. मग तो खाली गेला आणि माळ्यावरचे खोके घेऊन आला. ४ ची नेत्रिका आणि तिपटीचे भिंग त्याने बाजूला ठेवले, त्यातली २० ची, ४५ पटीची, लावली आणि नळी पूर्वेकडे वळवली. देवयानी उगवायला अजून थोडा वेळ होता. मोटर चालू करून मामेभाऊ वर आला आणि गच्चीच्या कठड्याला टेकून आमच्याबरोबर वाट पाहत बसला.