सातारा : गादीचें शहर

साताऱ्यास प्रथमच येणारा प्रवासी राजवाड्याची वाट विचारतो. जाणता सातारकर मात्र त्यास आधीं अजिंक्यताऱ्यावर नेतो. कारण या राजधानीचा वृत्तांत डोंगरावर सुरू होतो, आणि खालीं उतरतां उतरतां त्याचें स्वरूप पालटत जातें.

औरंगजेबानें १७०० मध्यें हा किल्ला घेऊन त्याचें नांव आझमतारा ठेवलें. मराठ्यांनीं तो परत जिंकला आणि त्याचा अजिंक्यतारा झाला. १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास शाहूमहाराजांचा राज्याभिषेक झाला. डोंगरमाथ्यावर दरबार मावेल. सावकार, कारकून व शिलेदार यांचे संसार कोठून मावणार? म्हणून महाराजांनीं पायथ्याशीं शाहूनगर वसविलें. तटावरून उत्तरेस जें शहर पसरलेलें दिसतें, तें हेंच.

परंतु किल्ला पाहतांना दुसरी गोष्टहि विसरूं नये. शाहूंच्या पश्चात् गादीवर आलेल्या रामराजास ताराबाईंनीं १७५० मध्यें याच किल्ल्यांत अडकवून ठेविलें. पुढें मान साताऱ्यास आणि कारभार पुण्यास, अशी वांटणी झाली. ज्याच्या वस्त्रांखेरीज पेशवा पेशवा होत नसे, त्या छत्रपतीवरच पेशव्यांचा पहारा बसला. राजधानीच्या वैभवाच्या कथा सांगणारे पुष्कळ भेटतात. ही कथा सांगण्यास ते कचरतात.

एवढें ऐकून मग राजवाड्याकडे उतरावें. वाटेंत कंदी पेढ्यांच्या दुकानांकडे पाहुण्याचें लक्ष जातें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. पेढे परततांना घ्यावे.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं प्रतापसिंहमहाराजांस गादीवर बसविलें आणि १८१९ मध्यें त्यांच्याशीं तह केला. वीस वर्षें लोटलीं, आणि १८३९ च्या सप्टेंबरांत त्यांनींच या राजास पदच्युत करून काशीस पाठविलें. त्याची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी विलायतेस गेले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तेथें झगडत राहिले. महाराज १८४७ मध्यें काशीसच वारले. त्यांच्या जागीं बसविलेले बंधु आप्पासाहेब १८४८ मध्यें गेले. त्यांनीं दत्तक घेतला होता, तो डलहौसीनें नामंजूर केला. दत्तक नाकारून त्यानें खालसा केलेलें पहिलें राज्य साताऱ्याचें. झांशी व नागपूर यांची पाळी मागाहून आली.

राजा गेला, वाडा राहिला. त्या वाड्यांत सरकारी शाळा भरूं लागली, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजीं तिच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हें नांव चढलें. पुढें भारताची घटना लिहिणारे ते हेच विद्यार्थी. वाड्याची नक्षी पाहण्यांत गुंतलेला प्रवासी ही नोंद सहज विसरून जातो, आणि मोठ्या लाभास मुकतो.

दिवस उरला असल्यास माहुलीस जावें. तेथें कृष्णा व वेण्णा यांचा संगम आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजीं निधन पावलेल्या शाहूमहाराजांची समाधि तेथेंच, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीहि तेथेंच. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. घाट शांत आहे. पावसाळ्यांत मात्र पाणी पायऱ्या गिळून टाकतें. तेव्हां दिवाळीनंतर यावें, आणि ऊन कलल्यावर यावें.