सनद आणि दाखला

विद्या शिकल्याचा कागद निराळा आणि ती विद्या चालविण्याचा अधिकार देणारा कागद निराळा. पहिल्यास दाखला म्हणतात, दुसऱ्यास सनद. अमक्यानें अमुक शिक्षण घेतलें व परीक्षा दिली, एवढेंच दाखला सांगतो; ज्याच्यापाशीं तो नाहीं त्यानें तें काम करूं नये, असें तो म्हणत नाहीं. सनद मात्र दार लावून घेते. वकिलांच्या बाबतींत हा भेद कोणासही कळतो. परंतु रस्त्यावर जखमी होऊन पडलेला मनुष्य, सर्प डसलेला शेतकरी किंवा अडलेली बाळंतीण, यांच्याकडे पहिल्या घटकेला जो धांवून येतो, त्याच्या हातीं कोणता कागद असावा हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षें रेंगाळला आहे. आणि त्याचा इतिहास पाहूं जातां अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेडापाशीं थांबावें लागतें.

इंग्लंडांत डॉक्टरांची सरकारी नोंदवही इ. स. १८५८ च्या कायद्यानें सुरू झाली. गंमत अशी कीं, नोंद नसलेल्यानें औषधच देऊं नये, अशी बंदी त्या कायद्यानें घातली नाहीं; नोंदलेला डॉक्टर असल्याचें सोंग आणणें तेवढें गुन्हा ठरविलें. नांव सनदेचें, पण अंगरखा दाखल्याचा! हिंदुस्थानांत ही पद्धत प्रथम मुंबई इलाख्यानें १९१२ सालीं उचलली. मद्रास व बंगाल दोन वर्षें मागाहून आले. १९३५ त मुंबई इलाख्यांत परिचारिका, सुइणी व हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १९३८ त वैद्य-हकिमांचा. या शेवटच्या कायद्यांत एक शहाणपणाची तडजोड होती. विद्यालयांत शिकलेल्यांची नोंद एका वहींत, आणि विद्यालय न पाहतां वर्षानुवर्षें वैद्यकी करीत आलेल्यांची यादी निराळी. अनुभवास एकदम दाराबाहेर काढणें बरें नव्हे, हें कायदा करणारांस उमगलें होतें. खेड्यांतील परंपरागत सुईण मात्र बहुधा वहींतही नाहीं आणि यादींतही नाहीं, अशीच राहिली.

१९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य जामखेडास येऊन राहिलें. दोघांचेंही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरचें, पुढील अभ्यास अमेरिकेंतला. मुलूख अवर्षणाचा, दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पुढें उभा राहिला. १९७१ च्या त्यांच्या मोजणींत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १७६ वर्षाच्या आंत दगावत होतीं. आरंभीं त्यांनींही रुळलेली वाटच धरली: रीतसर शिकलेल्या परिचारिका खेडोपाडीं नेमावयाच्या. पण परक्या गांवीं एकटें राहणें त्या मुलींस जड जाई, आणि गांवकऱ्यांचाही त्यांच्यावर विश्वास बसेना. तेव्हां गांवानें आपल्यांतीलच एक बाई निवडून द्यावी, असें ठरलें. निवडल्या गेलेल्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तींतल्या. दर आठवड्यास त्या जामखेडास येत, शिकत, आणि परत जाऊन तेंच इतरांस शिकवीत. नाळ कापण्याचें पातें व दोरा उकळून घ्यावा, हगवणीनें सुकलेल्या मुलास साखर-मिठाचें पाणी पाजावें, गरोदर बाईची तपासणी करावी. आणि बाळ आडवें आहे असें दिसतांच वेळ न दवडतां रुग्णालयाकडे गाडी जुंपावी. हें शेवटचें ज्ञान सर्वांत मोलाचें. आपलें काम कोठें संपतें, हें ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या हातीं मोठा दाखलाही धोक्याचाच.

या बायकांस सनद नव्हती. सनदेवांचून त्यांचें अडलें नाहीं, कारण ज्या गांवानें त्यांना निवडलें तोच गांव रोज त्यांची परीक्षा घेत होता. प्रकल्पाच्या नोंदींत १९७६ सालीं बालमृत्यूंचा आंकडा ५२ वर आलेला दिसतो. १९७९ मध्यें आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

परंतु येथून घाईनें असा निष्कर्ष काढूं नये कीं, सनद हें निव्वळ अवडंबर आहे. गांवांतली बाई ओळखीची. महामार्गावरचा जखमी कोणास ओळखतो? दाखल्याचा उपयोग निवड करूं शकणाऱ्यास. शुद्ध हरपलेला मनुष्य कोणाचा कागद वाचणार? त्याच्या वतीनें कोणीं तरी आधींच निवड करून ठेवावी लागते, आणि तो कोणी म्हणजे शासन. कारखान्यांत हें काम मालकावर सोंपविलें आहे. १९४८ चा कारखान्यांचा कायदा २०२५ पर्यंत ज्या रूपांत लागू होता त्यांत, प्रथमोपचाराची पेटी ज्याच्या ताब्यांत असेल त्याच्यापाशीं शासनमान्य दाखला असावा लागे. जिल्ह्यांतील साखर कारखान्यांनाही तो नियम होताच. तेथें सनद कोणी मागत नाहीं, आणि मागूंही नये. पट्टी बांधण्यास सनद लागूं लागली तर रक्त वाहतच राहील.

१०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ त सुरू झाल्या, तेव्हां त्या ९३७ होत्या. इतर कित्येक राज्यांत अशा गाडींत खास शिकविलेला आपत्कालीन सेवक बसतो. महाराष्ट्रानें मात्र डॉक्टर बसविला, त्यांत पुष्कळसे आयुर्वेदाचे पदवीधर. म्हणजे वैद्याची सनद होती तीच वापरून वेळ निभावली. ही सोय झाली, तरी शिरेंत सुई घालणें, श्वासनलिका मोकळी ठेवणें, अपघातस्थळीं रुग्ण हलविणें ही विद्या पदवीबरोबर आपोआप येत नाहीं. ती निराळी शिकावी व पुनःपुन्हां घोटावी लागते. शेवटीं २०२१ च्या केंद्रीय कायद्यानें वैद्यकसंलग्न व्यवसायांची नोंदणी ठरविली, आणि त्याच्या परिशिष्टांत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ हें नांव प्रथमच स्वतंत्रपणें आलें. राज्योराज्यीं परिषदा नेमून त्यांच्याकडून ही नोंद व्हावयाची आहे. महाराष्ट्राच्या गाडींत सनदवाला आधींच बसलेला असल्यामुळें, या नव्या तंत्रज्ञास येथें जागा कोणती मिळेल, हें त्या नोंदवहीपेक्षां गाड्या चालविण्याच्या करारांतच अधिक ठरेल.