बीडीडी चाळ : परवडणाऱ्या घराची शंभर वर्षे

मुंबईत पोटाला भाकरी मिळेल, पण अंग टाकायला जागा मिळायची नाही, असं आपली जुनी माणसं म्हणत. ते खोटं नव्हतं. १८९६ साली प्लेगची साथ आली, तेव्हा कामगार वस्तीतली कोंदट दाटी सरकारच्या नजरेत भरली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेबांनी कितीतरी वर्षे काढली, हे आपणांस ठाऊक आहेच.

पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, स्थापन झाले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. पैसा उभारण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसावर गासडीमागे एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२, अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पण बांधल्यावर कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या, कारण भाडं गिरणी कामगाराच्या पगारात बसेना. १९३० च्या कायदेभंगात तर वरळीच्या चाळींचा तुरुंग केला होता! घर नुसतं बांधून भागत नाही, ते गरिबाला परवडावं लागतं, हा धडा तेव्हाचाच.

पुढे याच खोल्यांत आपल्या समाजाची असंख्य कुटुंबं राहिली. एका खोलीत दहा-दहा माणसं, पोरांचा अभ्यास गॅलरीतल्या दिव्याखाली. भाडं थोडं होतं, म्हणूनच शाळेची फी निघाली.

२०१६ मध्ये सरकारने म्हाडामार्फत पुनर्विकास ठरवला. पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं घर मोफत, मालकी हक्कानं. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या देण्यात आल्या. शिवडीच्या चाळी मात्र पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या.

बंधू-भगिनींनो, घर मोफत मिळालं तरी लिफ्ट, पाण्याचा पंप, साफसफाई यांचा खर्च कायमचा असतो. तो झेपला नाही, तर माणूस घर विकून पुन्हा शहराबाहेर फेकला जातो. म्हणून सोसायटीच्या सभेला जा, हिशेब मागा, कागदावर घरातल्या बाईचंही नाव लावा. मिळवण्याइतकंच घर टिकवणंही मोलाचं आहे.