पाण्यात हरवलेले सोने

कारेगावच्या आसपास समुद्र नाही. घोड आणि भीमा या नद्यांच्या परिसरातील माणसाला पाण्यात दागिना हरवणे म्हणजे घाटावर धुणे धुताना बोटातली अंगठी निसटणे किंवा पोहताना गळ्यातली साखळी तुटणे एवढेच ठाऊक. दागिना लहान असला तरी लग्नात घातलेली अंगठी गेली की घरात दिवसभर कोणी धड जेवत नाही. ती शोधण्याचे शास्त्र मात्र आपल्याकडे पुरातन आहे.

त्या शास्त्राचा धनी म्हणजे झारेकरी. सोनाराच्या दुकानातील केर आणि भट्टीची राख तो रोख पैसे मोजून विकत घेई, पसरट भांड्यात पाण्याबरोबर घोळवी, हलकी माती वाहू देई आणि तळाशी उरलेल्या जड गाळात पारा मिसळून सोन्याचे कण गोळा करी. पुढे अग्नी देऊन पारा उडवला की हाती राही ती चिमूटभर कमाई. मृताच्या मुखात सोन्याचा कण ठेवण्याची हिंदू समाजात प्रथा असल्याने स्मशानाजवळच्या नदीतील वाळूही धुतली जाई. या कामाला आपण हलके मानत आलो, हे खेदाने म्हणावे लागेल. सोने वाळूपेक्षा कितीतरी जड असते, हा एकच नियम त्याने हातांच्या चालीत उतरवला होता. आज नदीच्या पुलावरून दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मुले दिसतात. पण चुंबकाला पोलादी नाणे चिकटते, सोने चिकटत नाही.

सोन्याला ‘बोलते’ करणारे यंत्र विद्युतशास्त्रातून आले. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की जवळच्या धातूत सूक्ष्म प्रवाह उमटतात आणि यंत्राला त्यांची चाहूल लागते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या देहात रुतलेली गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीकार अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असे यंत्र वापरले. प्रयत्न फसला, पलंगातील धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला असे मानतात. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधण्याचे यंत्र सिद्ध केले आणि १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात ते कामी आले. युद्धानंतर तेच तंत्र हौशी शोधकांच्या हाती आले.

समुद्राकाठी मात्र त्याची परीक्षा होते. खारे पाणी स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे साधे यंत्र पुळणीवर उगीचच किरकिरत राहते. यावर उपाय म्हणून प्रवाहाचे क्षणिक ठोके सोडणारी यंत्रे निघाली. पाण्याचा प्रतिसाद लगेच विरतो, धातूचा किंचित रेंगाळतो. त्या अवकाशात यंत्र कान देते. तरीही बारीक कड्यांची साखळी त्याला अंगठीपेक्षा अवघड जाते, कारण सुट्या कड्यांत प्रवाह मोठे वर्तुळ धरू शकत नाही.

पाण्यात गेलेल्या सोन्याची आपल्या राज्यातील सर्वांत विख्यात कथा मुंबईची आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीचा दोनदा स्फोट झाला. दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या १२४ विटा एकाच बोटीत! शेकडो माणसे मेली. विटांची आठवण काढणे त्यापुढे क्षुद्र वाटते. तथापि सुमारे बारा-तेरा किलोची एक वीट मैलभर अंतरावरील बर्जोरजी मोतीवाला या पारशी गृहस्थांच्या घरावर कोसळली. त्यांनी ती अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली आणि मिळालेले बक्षीस आपद्ग्रस्तांच्या निधीला दिले. पुढे कित्येक वर्षे गोदीतील गाळ उपसताना अशा विटा हाती येत राहिल्या.

सापडलेले सोने कोणाचे, हा प्रश्न झारेकऱ्यापुढे नव्हता. केर त्याने विकतच घेतलेला असे. यंत्रधाऱ्यापुढे तो आहे. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पुळणीवरच्या अंगठीचा प्रश्न वेगळा. तिचा मालक बहुधा जिवंत असतो. १८७२ च्या करार कायद्याचे ७१ वे कलम अशी वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर, ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकते. मालकाने बक्षीस जाहीर केलेले असल्यास ते मिळेपर्यंत वस्तू हाती ठेवण्याची मुभा त्याच कायद्याच्या १६८ व्या कलमात आहे.