मुलींमधील स्वमग्नतेची लक्षणे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
चंद्रपूर जिल्ह्यातील सावलीसारख्या ग्रामीण तालुक्यात एखादी मुलगी अबोल राहिली, एकटीच खेळली, तर तिला ‘शांत’, ‘गुणी’ म्हटले जाते. मुलगा असाच वागला तर घरात काळजी सुरू होते. हा भेद केवळ समाजाच्या दृष्टीत नाही. स्वमग्नतेच्या वैद्यकीय इतिहासातही तो आढळतो. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
सोव्हिएत मनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये मुलग्यांचे आणि १९२७ मध्ये मुलींचेही वर्णन केले होते. परंतु ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधातील ११ बालकांपैकी केवळ ३ मुली होत्या. हान्स अस्पर्गर यांच्या १९४४ च्या प्रबंधातील चारही उदाहरणे मुलग्यांची होती. पुढील निकष प्रामुख्याने मुलग्यांच्या निरीक्षणातून घडले आणि ‘चार मुलग्यांमागे एक मुलगी’ हे प्रमाण रूढ झाले. २०१७ मधील एका व्यापक आढाव्यात मात्र ते तीनास एक असे आढळले. बौद्धिक व भाषिक विकास सामान्य असलेल्या मुलींची स्वमग्नता लक्षात न येण्याची शक्यता अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनेही नोंदविली आहे.

लक्षणांचे स्वरूप :
अशा मुली मैत्रिणींचे बोलणे, हसणे पाहून त्याचे अनुकरण करतात. त्यांची आवड बाहुल्या, प्राणी अशा सामान्य विषयांत असते. वेगळी असते ती तिची तीव्रता. दिवसभर शाळेत स्वतःला सावरणारी मुलगी घरी येताच कोसळते. विशिष्ट आवाज किंवा कपड्याचा स्पर्शही तिला असह्य होतो. शिक्षकांना ती आज्ञाधारक वाटते. त्रास फक्त आईला दिसतो.

भारतीय संदर्भ :
१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला कायद्यात स्थान दिले व २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तिचा २१ प्रकारांत समावेश केला. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीची तरतूद आहे.

समारोप :
कायदा झाला, तपासणीची सोय झाली. तथापि जी मुलगी कोणालाच त्रास देत नाही, तिच्याकडे पाहण्याची दृष्टी अद्याप घडावयाची आहे. म्हणून अंगणवाडी सेविका व शिक्षकांनी आईचे म्हणणे निदानाचा पहिला पुरावा मानणे आवश्यक आहे. मौन हा मुलीचा गुण समजण्यापूर्वी त्यामागील कष्टांची चौकशी झाली पाहिजे.